नव्या ग्रंथांस आश्रय कोणाचा?

नाशिक हे ग्रंथकारांचे गाव आहे असे आपण अभिमानाने सांगतो, आणि त्या अभिमानास आधारही पुष्कळ आहे. येथील सार्वजनिक वाचनालय १८४० साली स्थापन झाले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरी १९४२, २००५ व २०२१ या वर्षी भरले. १९८७ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार ज्या कवीस मिळाला, त्या कुसुमाग्रजांचे नाव येथील शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे. त्यांचा जन्मदिवस, म्हणजे २७ फेब्रुवारी, हा मराठी भाषेचा गौरवदिन म्हणून सर्व महाराष्ट्रात साजरा होतो. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा पेढे वाटण्यात आपले शहर कोणाच्या मागे नव्हते. हे सर्व योग्यच झाले. परंतु एक साधा व्यवहाराचा प्रश्न आम्ही आमच्या वाचकांपुढे ठेवू इच्छितो. या जिल्ह्यातील एखाद्या अपरिचित लेखकाचे पहिले पुस्तक उद्या छापून निघाले, तर ते पदरचे पैसे देऊन विकत घेणार कोण?

१९४२ सालचीच गोष्ट घ्या. त्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या अध्यक्षतेखाली नाशिकास संमेलन भरले. आणि त्याच वर्षी वि. वा. शिरवाडकर नावाच्या तीस वर्षांच्या तरुणाचा ‘विशाखा’ हा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. तो कसा प्रसिद्ध झाला हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आदल्या वर्षी सोलापूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद भूषविलेले वि. स. खांडेकर यांनी स्वतःच्या पदराचा पैसा घालून तो छापविला. ज्या संग्रहाने पुढे मराठी कवितेचे वळण बदलले, तो एका वडीलधाऱ्या ग्रंथकाराच्या गुणग्राहकतेमुळे व औदार्यामुळे बाहेर आला. खांडेकरांचे ऋण मोठेच आहे. परंतु साऱ्या भाषेच्या भवितव्याचा भार एका उदार माणसावर असावा, ही स्थिती समाजास भूषणावह म्हणता येत नाही. प्रत्येक नव्या कवीस खांडेकर भेटतोच असे नाही.

शिवाय नवे ग्रंथ ज्या ठिकाणाहून येतात, ती ठिकाणे आधी कोणास सांगता येत नाहीत. गोदाकाठच्या जलालपूर गावी जन्मलेल्या व शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाई टिळक मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहितील, असे भाकीत कोणत्या पंडिताने केले असते? त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली आणि आजही ती नव्या पुस्तकासारखी वाचली जातात. नाशिकजवळील विहितगावी १९३० साली जन्मलेल्या बाबूराव बागुलांनी १९६३ साली ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह दिला, तेव्हा मराठी कथेने तोवर न पाहिलेले जग तिच्या पुढ्यात उभे राहिले. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक यांची गीते तर पुस्तकांपेक्षा लोकांच्या कंठांतूनच गावोगाव गेली. तात्पर्य हे की, उद्याचा ग्रंथकार प्रतिष्ठितांच्या बैठकीतच जन्मास येईल असा नियम नाही. तो कारखान्यात, मळ्यात, झोपडवस्तीत अथवा स्वयंपाकघरात असेल. त्यास वाट मोकळी आहे की नाही, हाच खरा प्रश्न होय.

ही वाट आज कशी आहे ते व्यापाऱ्यांस हिशेबानेच सांगणे बरे. उदाहरणादाखल तीनशे रुपये किमतीचे एक पुस्तक घेऊ. विक्रेत्यास चाळीस टक्के सूट दिली म्हणजे एकशेवीस रुपये गेले. लेखकास दहा टक्के मानधन धरले तर तीस रुपये. उरलेल्या दीडशे रुपयांत कागद, छपाई, बांधणी, मुद्रितशोधन, चित्रकार, गोदाम व टपालखर्च भागवून प्रकाशकाने आपले पोट भरावयाचे. पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही हे खरे. पण कागदावर व छपाईवर जो कर भरावा लागतो, तो पुस्तक करमुक्त असल्यामुळेच प्रकाशकास वजा मिळत नाही आणि किमतीत मुरतो. हजार प्रतींची आवृत्ती हा मराठी प्रकाशनाचा जुना शिरस्ता. त्यांतील पाचशे प्रती खपल्या, तर दोनतीन वर्षे खपून लिहिणाऱ्या लेखकाच्या हाती सारे मिळून पंधरा हजार रुपये येतील. आणि प्रकाशकाचे भांडवल उरलेल्या पाचशे प्रतींत अडकून पडेल. अशा स्थितीत प्रकाशक अनोळखी नावास भितो, यात नवल ते काय?

आता नव्या यंत्रांमुळे शंभर-दोनशे प्रतीही छापता येतात. हा एक लाभच आहे. परंतु याच सोयीचा आश्रय करून एक अनिष्ट चाल बळावली आहे. छपाईचा सारा खर्च लेखकाकडूनच घ्यावयाचा, काही प्रती त्याच्या घरी पोचत्या करावयाच्या आणि मग विक्रीविषयी कानांवर हात ठेवावयाचे! ज्याच्यापाशी पैसा आहे त्याचे पुस्तक निघते, मग त्यात अर्थ असो वा नसो. आणि ज्याच्यापाशी सांगण्यासारखे आहे पण पैसा नाही, त्याचे हस्तलिखित पेटीत राहते. ग्रंथप्रकाशन हा अशा रीतीने धनवंतांचा शोक होऊन बसला, तर नव्या पुस्तकांविषयी वाचकांचा विश्वास उडेल, आणि तो काही अंशी उडालाही आहे.

सरकार व संस्था काही करीत नाहीत असे नव्हे. राज्याचे साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकास अनुदान देते. आपल्या शहरी असलेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नवकवींच्या पहिल्या संग्रहास ‘विशाखा’ पुरस्कार व नव्या कथाकारांस बाबूराव बागुलांच्या नावाचा पुरस्कार देते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून पुस्तकांच्या पेट्या गावोगाव आणि परदेशातील मराठी कुटुंबांपर्यंत पोचल्या. १९६७ च्या कायद्यान्वये मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गवारीने अनुदान घेतात. या सर्वांचा आम्ही आदर करतो. परंतु अनुदानाने पुस्तक छापले जाते, वाचले जात नाही. पुरस्काराने लेखकाचा सत्कार होतो, पण पुस्तक दुकानात मागणारे गिऱ्हाईक त्याने निर्माण होतेच असे नाही. ग्रंथालयांची खरेदी पुष्कळदा कोणती पुस्तके चांगली यापेक्षा कोणत्या गठ्ठ्यावर सूट अधिक, या धोरणाने होते. अनुदान अपुरे असल्यावर चिटणीस तरी काय करणार?

या रोगाचे निदान आमच्या पूर्वजांनी फार मागे केले होते. निफाड येथे जन्मलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी लोकहितवादींच्या साह्याने १८७८ च्या मे महिन्यात पुण्यास ग्रंथकारांची पहिली सभा भरविली. मराठीत होणाऱ्या ग्रंथांची मोजदाद व परीक्षण करण्याचे कामही रानड्यांनी अंगावर घेतले होते. आज ज्यास आपण साहित्य संमेलन म्हणतो त्याचे मूळ ते हेच. आणि त्याचा हेतू मिरवणुकीचा नव्हता, ग्रंथप्रसारास उत्तेजन देण्याचा होता. पुढे १८८५ च्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारले, कारण ज्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाचा मागमूस नाही, त्यांच्या कर्त्यांशी त्यांचे जुळणे शक्य नव्हते. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. ग्रंथांस उत्तेजन हवे, हे रानड्यांचे म्हणणे. ते कोणाच्या ग्रंथांस, हा फुल्यांचा प्रश्न. २०२१ च्या डिसेंबरात नाशकात अखिल भारतीय संमेलनाबरोबर विद्रोही साहित्य संमेलनही भरले. अर्थात फुल्यांचा प्रश्न अद्याप मिटलेला नाही.

दोहोंस एकदम उत्तर देणारा एकच उपाय आम्हांस दिसतो, आणि तो नवा नाही. गेल्या काळी ग्रंथ निघण्यापूर्वी त्याचे जाहीर पत्रक निघे, आगाऊ वर्गणीदार मिळविले जात आणि त्यांची नावे पुस्तकाच्या शेवटी कृतज्ञतेने छापली जात. एकोणीसशे सत्तरच्या दशकात ‘ग्रंथाली’ने हीच कल्पना वाचक चळवळ म्हणून नव्याने उभी केली. वाचकांनी आधी सभासद व्हावयाचे आणि त्यांच्या बळावर पुस्तके काढावयाची. त्या बळावर काय झाले? १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ व १९८० साली लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ ही आत्मकथने निघाली, आणि तोवर अबोल राहिलेल्या समाजाचा आवाज सुशिक्षितांच्या घरात पोचला. सर्वसामान्य वाचकाच्या वर्गणीत केवढे सामर्थ्य असते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

आमच्या जिल्ह्यातील व्यापाऱ्यांस ही रीत समजावून सांगण्याची गरज नाही. द्राक्षे वेलीवर असतानाच बागेचा सौदा होतो आणि व्यापारी विसार देतो. आगामी पुस्तकाची प्रकाशनपूर्व किंमत भरणे म्हणजे लेखकाच्या बागेस दिलेला विसारच होय. त्याने प्रकाशकाचे भय कमी होते, आवृत्ती किती काढावी याचा अंदाज येतो आणि वाचकास पुस्तक स्वस्तात मिळते. मात्र विसार घेणाऱ्यानेही बोल पाळला पाहिजे. पुस्तक ठरल्या तारखेस निघाले नाही, तर पैसे विनातक्रार परत करावे. वर्गणी घेऊन वर्षानुवर्षे वाट पाहावयास लावणे म्हणजे पुढच्या दहा लेखकांची पेठ बुडविणे होय.

कोणी म्हणेल, नव्या पुस्तकांत वाचण्यासारखे असतेच काय? आम्ही उत्तर देतो की, पुष्कळ पुस्तके सामान्यच असतात, आणि ती पूर्वीही तशीच होती. परंतु शंभरांतून पाच चांगली निवडावयाची, तर शंभर हाताळणारे वाचक हवेत. दुसरा म्हणेल, लोक आता वाचतातच कोठे? जे घर एका वाढदिवसाच्या भोजनावर काही हजार सहज खर्च करते, त्यास वर्षास चार पुस्तके परवडत नाहीत असे मानण्यास आम्ही तयार नाही. अडचण पैशाची नसून सवयीची आहे. आणि सवय लावल्याने लागते.

यास्तव आमची सूचना अशी आहे. प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने व प्रत्येक पेढीने वर्षास निदान चार नवी मराठी पुस्तके पूर्ण किंमत देऊन घ्यावी, आणि त्यांतील एक तरी लेखकाचे पहिले पुस्तक असावे. ग्रंथालयांनी खरेदीच्या रकमेचा ठराविक हिस्सा पहिल्या पुस्तकांसाठी राखावा व घेतलेल्या पुस्तकांची यादी दर्शनी फलकावर लावावी. मुक्त विद्यापीठाने ज्या पहिल्या पुस्तकांस पुरस्कार द्यावयाचा, त्यांच्या प्रती आपल्या अभ्यासकेंद्रांसाठी विकत घ्याव्या. लेखकास शालीपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. संमेलने व उत्सव भरविणाऱ्यांनी मंडपाच्या खर्चाबरोबर ग्रंथखरेदीचाही आकडा अंदाजपत्रकात घालावा. लेखकांनी लेखी करारावाचून हस्तलिखित देऊ नये, आणि प्रकाशकांनी खपाचा हिशेब दर वर्षी न मागता द्यावा.

यांतील एकाही गोष्टीस कायदा लागत नाही की सरकारी मंजुरी लागत नाही. दिवंगत ग्रंथकारांची स्मारके या शहराने मनापासून जपली आहेत; त्यांच्यामागून येणाऱ्यांची पुस्तके पहिल्या वर्षी विकत घेण्याचे काम तेवढे राहिले आहे. त्याचा आरंभ या महिन्यातच, आपल्या पेठेतील ग्रंथविक्रेत्याच्या दुकानी जाऊन, आमच्या प्रत्येक वाचकास करता येईल.