भिंतीला तडा? पुट्टी नंतर, आधी पायाजवळचं पाणी बघा

दिवाळीआधी रंगकाम काढायचं, तडे पुट्टीने बुजवायचे आणि मे महिन्यात तेच तडे पुन्हा उघडलेले बघायचे. विदर्भ-मराठवाड्यात काळ्या मातीवर घर असलेल्यांना हे नवीन नाही. शिव्या पेंटर खातो, दोष बहुतेक वेळा पायाखालच्या मातीचा असतो.

या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्यामुळे पाणी मिळालं की माती फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा आठवा. घराच्या एका कोपऱ्यात गच्चीचा पाइप सुटलेला आणि दुसरा कोपरा कोरडा असेल, तर पाया असमान हलतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पहिला खर्च पाण्यावर करा. घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरसबंदी हवी, गच्चीचं पाणी पायापासून लांब सोडायला हवं, बाथरूमचा चेंबर गळत नाही ना हे तपासायला हवं. बजेट ताणलं की आपल्याकडे पहिली कात्री नेमकी या फरसबंदीलाच लागते. टाइल्स मात्र महागड्याच!

मग तड्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने पक्की बसवा, शेजारी तारीख लिहा. पट्टी तुटली, तर हालचाल सुरूच आहे. अशा वेळी ठेकेदाराआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. पायाला खालून आधार देताना खोदाई छोट्या टप्प्यांत, एक भाग सोडून एक अशी करतात. सगळा पाया एकदम उघडा करायला निघालेल्या माणसाला तिथेच थांबवा.