मोडीत निघणारा वारसा

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजीराजे यांची तलवार महाराष्ट्र शासनाने एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून 47 लाख 15 हजार रुपयांना मिळवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. रघुजीराजांच्या पराक्रमाशी वऱ्हाडाचा इतिहास जोडलेला असल्याने अमरावती-अकोल्याला याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र लंडनहून तलवार सोडवून आणणारा समाज घरातील माळ्यावरचा वारसा स्वतःच्या हाताने तराजूत घालतो, या विसंगतीचाही विचार व्हायला हवा.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865 या वर्षांत, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. पुढे रेल्वे आली, व्यापार वाढला. त्या समृद्धीच्या खुणा गावोगावच्या वाड्यांत उमटल्या. सागवानी कोरीव खांब, नक्षीदार चौकटी, पितळी कड्यांची बंगई, लामणदिवे, पानदान, अडकित्ते हे त्या घरांचे वैभव होते. आज वाटण्या होतात, मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी स्थायिक होतात आणि वाडा उतरवला जातो. खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात, पितळ मोडीत निघते. कारागिराच्या हाताला मोल नाही, धातूच्या वजनाला आहे! पुढे तीच बंगई एखाद्या महानगरातील हॉटेलात शोभेसाठी टांगली जाते. तेथे ती कोणत्या गावची, कोणत्या घरची, हे सांगणारा कोणी नसतो.

वस्तू गेली की तिच्यामागोमाग शब्दही जातो. गुंड, गडवा, गंगाळ, बंगई हे शब्द वऱ्हाडातील आजीच्या तोंडी सहज येतात. नातवाला त्यांचा अर्थ शब्दकोशात शोधावा लागेल, तेव्हा बोलीचा एक कोपरा रिता झालेला असेल.

या ऱ्हासाला एकट्या माणसाची निष्ठाही अडवू शकते, हे पुण्याच्या डॉ. दिनकर केळकर (1896-1990) यांनी दाखवून दिले. चष्म्यांचा व्यवसाय करणाऱ्या आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थाने दिवे, अडकित्ते, दारे, वाद्ये, भांडी अशा सुमारे 20 हजार वस्तू जमवल्या. पत्नी कमलाबाईंनी त्यांना साथ दिली. अकाली गेलेल्या राजा या पुत्राचे नाव संग्रहालयाला देऊन त्यांनी हा ठेवा शासनाच्या, म्हणजेच समाजाच्या स्वाधीन केला. संग्राहक आणि साठेबाज यांच्यातील अंतर येथे स्पष्ट होते.

संग्रहाला विवेकाची मर्यादाही हवी. मेळघाटातील कोरकू बांधव दिवंगतांच्या स्मरणार्थ सागाच्या फळीवर घोडेस्वार, सूर्य, चंद्र कोरून ती झाडाखाली उभी करतात. तो ‘मुंडा’ म्हणजे पूर्वजांचे स्थान आहे. तो उचलून दिवाणखाना सजवणे ही रसिकता नव्हे. ती चोरी आहे. देवळातील मूर्तींनाही हेच लागू पडते. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना 1972 चा पुरावस्तू व कलानिधी कायदा लागू होतो. ठराविक वर्गांतील वस्तूंची नोंदणी त्याने बंधनकारक केली असून पुरावस्तूंचा व्यापार परवान्याविना करता येत नाही. खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. मात्र आजोबांच्या घरातील पानदान मोडीत घालण्यापासून वाचवायला कायदा पुरा पडणार नाही. तेथे घरच्यांनाच जागे व्हावे लागेल.

त्यासाठी मोठा पैसा लागत नाही. वस्तू विकण्यापूर्वी तिचे छायाचित्र, मापे, स्थानिक नाव, गाव, घराणे आणि उपयोग यांची नोंद वहीत करावी. हे सांगू शकणारी वडीलधारी मंडळी आहेत तोवरच ही वही भरता येईल. चकाकीसाठी पितळ आम्लाने घासू नये, कोरीव सागवानावर तैलरंग फासू नये. घरात जागा नसेल तर शाळेला, ग्रंथालयाला वस्तू द्यावी. 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभारणाऱ्या अमरावतीला आणि तिच्या शेजारच्या अकोल्याला वऱ्हाडी गृहजीवनाचे एक दालन उभे करणे अवघड नाही. लिलावातून एक तलवार परत आणता आली. मोडीत वितळलेली समई मात्र कोणत्याही किमतीला परत येत नाही.