सोनं मोडायला जाताना लाज कशाची?



गेल्या महिन्यात वस्तीतल्या एका मावशीबरोबर सराफ्यात गेले होते. त्यांचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली. मंगळसूत्र पत्र्याच्या डब्यात पडून होतं. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, शिष्यवृत्तीचा हप्ता अडकलेला आणि कॉलेजचं म्हणणं, आधी फी भरा, मग परीक्षेचा फॉर्म. मावशी त्याआधी एकदा एकट्या जाऊन आल्या होत्या. दुकानं बंद व्हायच्या वेळेला, पदर तोंडावर ओढून, मागच्या गल्लीतल्या एका दुकानात. मी विचारलं, भर पेठेतल्या दुकानात का नाही गेलात? म्हणाल्या, "कोणी बघितलं असतं तर? बाईवर सोनं मोडायची पाळी आली म्हणतील."

त्या मागच्या गल्लीत काय झालं ते सांगते. दुकानदाराने आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग "हे कुठून आणलं?" असं विचारलं. पावती आहे का म्हणाला. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या दागिन्याची पावती कोणाकडे असते? मग कसोटीवर एक रेघ ओढली आणि अठरा कॅरेट म्हणून सांगून टाकलं. मावशींनी दागिना दिला नाही, कारण आकडे लिहून मागितले तेव्हा तो लिहून देईना. मावशी बचत गटाचा हिशेब ठेवतात. ज्याचा कागद नाही तो व्यवहार त्यांना पचत नाही.

आता त्याच दागिन्याचा हिशेब बघा. समजायला सोपं जावं म्हणून 24 कॅरेटचा दर 10 ग्रॅमला 1,00,000 रुपये धरते. आजचा दर तुम्ही घाला. काळे मणी, दोरा आणि वाट्यांतली लाख धरून एकूण वजन 14.200 ग्रॅम. मागच्या गल्लीवाल्याने मणी-लाखेचे म्हणून अंदाजाने 3.700 ग्रॅम कापले, उरले 10.500. अठरा कॅरेट म्हणजे 75 टक्के, म्हणजे 7.875 ग्रॅम शुद्ध सोनं. त्यावर "घट" म्हणून दहा टक्के. हातात किती? 70,875 रुपये.

आम्ही तोच दागिना जिल्ह्याच्या ठिकाणी, भारतीय मानक ब्युरोची मान्यता असलेल्या हॉलमार्किंग केंद्रात तपासून घेतला. वीस कॅरेट निघाला. मग एका दुकानात समोर बसून मणी आणि लाख काढून घेतली. वजन भरलं 11.500 ग्रॅम. वीस कॅरेट म्हणजे 83.33 टक्के, शुद्ध सोनं 9.583 ग्रॅम. या दुकानदाराने आटणीची घट दोन टक्के धरली. याच दराने त्याचे होतात जवळपास 93,900 रुपये. दागिना तोच, बाई तीच. फरक 23,000 रुपयांचा.

हे 23,000 कोणी घेतले असते? अर्थात त्या दुकानदाराने. पण ते त्याला आपण दिले असते, आपल्या लाजेतून. अंधार पडल्यावर, एकटीने, घाईने, दुसऱ्या दुकानात विचारायची सोय न ठेवता जी बाई येते, तिला भाव पाडून मिळणारच. गरज आणि लाज एकत्र आली की दुकानदाराला वेगळी फसवणूक करावीच लागत नाही.

आणि ही लाज आपल्यात आली कुठून, हा माझा खरा प्रश्न आहे. मनुस्मृतीने चांडाळांना लोखंडाचे दागिने नेमून दिले. ते पुस्तक 25 डिसेंबर 1927 ला महाडला जळलं. दोनच दिवसांनी, 27 तारखेला, बाबासाहेब तिथे जमलेल्या स्त्रियांशी बोलले. ज्या गळसऱ्यांवरून आणि कोपरापर्यंतच्या कथला-चांदीच्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते ते टाका, घालायचाच असेल तर सोन्याचा दागिना घाला, असं त्यांचं सांगणं होतं. त्याच सुमारास इंदूर जिल्ह्यातल्या सवर्णांनी बलाई लोकांवर जी बंधनं लादली, त्यात बलाई बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत हे एक कलम होतं. बाबासाहेबांनी ते 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे आपल्या आज्ज्या-पणज्यांच्या अंगावर सोनं नव्हतं त्याला एकटी गरिबी कारण नव्हती. ज्या घरात पहिल्यांदा गिरणीच्या, रेल्वेच्या, शाळामास्तराच्या पगारातून चार मण्यांची बोरमाळ आली, त्या घराने एक बंदी मोडली होती. ते सोनं आज गरजेला विकायला काढताना चोरासारखं का जायचं? आणि दुकानदाराच्या "कुठून आणलं?"ला मान खाली का घालायची?

आपले काही मित्र इथे हमखास म्हणतात, बौद्धाला सोनं कशाला, मंगळसूत्र कशाला, विषय संपला. मंगळसूत्राबद्दल माझं स्वतःचं मत त्यांच्यासारखंच आहे, मी घालत नाही. पण विषय संपत नाही. सोनं-रूपं न स्वीकारण्याचं शील श्रामणेराच्या दहा शीलांत आहे, गृहस्थ उपासिकेला पंचशील आहे. आणि धम्माचाच दाखला हवा असेल तर ब्रह्मजाल सुत्त वाचा. खोटा तराजू, खोटा धातू आणि खोटं माप यांपासून दूर राहणं त्यात शीलात मोजलेलं आहे. काट्यावर भाषण करायचं सोडून आपण मावशीच्या गळ्यावर भाषण करतो. शिवाय ज्यांना सोनं नको ते तरी ते नाल्यात टाकणार आहेत का? विकणारच. मग नीट विका. ज्या माणसाने 1923 साली रुपया आणि सोनं यांच्या नात्यावर 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिला, त्याच्या अनुयायांना मोडीचा हिशेब येऊ नये हे मला खटकतं.

हिशेब अवघड नाही. दुकानदाराला एकच प्रश्न विचारायचा: यात शुद्ध सोनं किती ग्रॅम? बाकी सगळं बोलणं या प्रश्नापासून तुम्हाला लांब नेण्यासाठी असतं. 24 कॅरेट म्हणजे पूर्ण सोनं, 22 म्हणजे 91.6 टक्के, 18 म्हणजे 75, 14 म्हणजे 58.5. निव्वळ वजन गुणिले टक्के, की शुद्ध ग्रॅम आले. त्याला 24 कॅरेटच्या दराने गुणायचं. इथेच सगळ्यात सफाईदार हातचलाखी होते, म्हणून थांबून वाचा. समजा दागिना खरोखर 22 कॅरेटचा आहे, 10 ग्रॅमचा. दुकानदार म्हणतो 22 कॅरेटचा आजचा दर 91,600. बरोबर. मग म्हणतो, "पण 91.6 टक्केच सोनं आहे ना ताई," आणि पुन्हा टक्के लावतो. 83,900 च्या आसपास येतात. 22 कॅरेटच्या दरात ते टक्के आधीच कापलेले असतात. एकाच खोटेपणासाठी दोनदा कापलं. बीएस्सी झालेल्या एका कार्यकर्त्यालाही हे लक्षात आलं नव्हतं, बिचारा घरी येऊन कॅल्क्युलेटर घेऊन बसला तेव्हा कळलं.

काही कपाती रास्त असतात, तेही मान्य करू. घेताना दिलेली मजुरी परत मिळत नाही, भरलेला 3 टक्के जीएसटी परत मिळत नाही. कारखान्यातून निघालेली गाडी जशी दुसऱ्या दिवशी त्या किमतीची राहत नाही तसंच ते. पण मण्यांचं वजन घेताना सोन्याच्या भावाने लावायचं आणि मोडताना अंदाजाने भरमसाठ कापायचं, हे रास्त नाही. मणी, खडे, लाख तुमच्यासमोर काढायला लावा आणि मग वजन करा. आटवायचं असेल तर तुमच्यासमोर आटवू दे. आत नेलेला दागिना बाहेर येईपर्यंत हलका होतो, याचा अनुभव वस्तीत दहा जणींना आहे. "बदल्यात नवीन घ्या, पूर्ण भाव देतो, रोख हवे तर कमी" हेही ऐकाल. नव्या दागिन्याच्या मजुरीत तो पूर्ण भाव वसूल होतो. तुम्हाला फी भरायची असेल तर नवीन दागिना काय करायचा आहे?

हॉलमार्कची भीतीही घातली जाते. 16 जून 2021 पासून देशातल्या 256 जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी नसलेला दागिना दुकानदाराला विकता येत नाही. ही सक्ती विकणाऱ्या सराफावर आहे. तुमच्या आईच्या जुन्या बिनहॉलमार्क कुड्या तो खुशाल विकत घेऊ शकतो. हॉलमार्क नाही म्हणून भाव निम्मा, हे थोतांड आहे. भाव शुद्धतेवर ठरतो आणि शुद्धता तपासता येते. जुना दागिना मान्यताप्राप्त केंद्रात तपासून घ्यायचा दर 2022 मध्ये सरकारने जाहीर केला तेव्हा चार नगांपर्यंत 200 रुपये होता, पाच किंवा जास्त असतील तर नगाला 45. म्हणजे पाच जणींनी मिळून गेलं तर चहाच्या खर्चात काम होतं. एचयूआयडी असलेला दागिना असेल तर बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक टाकून शुद्धता बघता येते. पैसे खात्यावर घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही, आणि त्याहून कमी रक्कम असली तरी रोख पैसे घरी पोचेपर्यंत त्याला किती वाटेकरी फुटतात ते मी सांगायला नको.

वाटेकऱ्यांवरून आठवलं. मावशींच्या दिरांचं म्हणणं होतं की मंगळसूत्र "आमच्या घरचं" आहे, म्हणून विकायचा निर्णय भावकी घेणार. हा दीर जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असतो. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं याचे पोस्टरही तोच लावतो. त्या बिलातून पुढे आलेला 1956 चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि त्याच्या कलम 14 प्रमाणे स्त्रीची मालमत्ता पूर्णपणे तिची असते, लग्नात मिळालेल्या दागिन्यासकट. 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की स्त्रीधनावर हक्क फक्त तिचा. नवऱ्याने दारूसाठी किंवा धंद्यासाठी बायकोच्या पाटल्या गहाण टाकणं हा घरगुती मामला नाही. सराफ काट्यात मारतो म्हणून ओरडताना घरातला काटाही बघायला लागेल. हुंड्यात अमुक ग्रॅम ठरवून घेणाऱ्या आपल्या बौद्ध घरांबद्दल पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन. इथे लिहायला बसले तर लेख भलतीकडे जाईल.

आमच्या विहारात आता एक छोटा डिजिटल काटा आणून ठेवला आहे. बचत गटातल्या तिघी जणी टक्क्यांचा हिशेब शिकल्या आहेत. कोणाला मोडायचं असेल तर आधी वजन वहीत लिहायचं, मग दोघी-तिघींनी मिळून दिवसाढवळ्या जायचं, किमान दोन दुकानांत भाव विचारायचा आणि एकूण वजन, वजावट, शुद्धता, दर, रक्कम हे सगळं लिहिलेली पावती आणायची. पहिल्या खेपेला पाच जणी गेल्या. त्यातल्या दोघींनी खरा भाव कळल्यावर विकलंच नाही. एकीने बँकेत तारण ठेवून कर्ज घेतलं, दुसरीने डबा परत कपाटात ठेवला. मावशींनी विकलं. फॉर्म भरून झाला. उरलेल्या पैशांतून त्यांनी मुलीला गणवेश, बूट आणि एक घड्याळ घेतलं, सेकंदकाटा असलेलं, नाडी मोजायला लागतं म्हणून.