प्रशस्ती आणि जबानी

आपल्या छत्रपती संभाजीनगरातील सुशिक्षित मंडळींत, विशेषतः ज्यांनी चिकलठाण्याच्या किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत वीस-पंचवीस वर्षे इमानेइतबारे नोकरी करून निवृत्ती पत्करली त्यांच्यात, लिंक्डइन नामक संकेतस्थळाविषयी एक विशिष्ट तुच्छता आढळते. स्वतःचे छायाचित्र, स्वतःची पदवी आणि स्वतःचे पराक्रम चव्हाट्यावर मांडून बसणे कुलशीलवान माणसाला शोभत नाही, कर्तबगाराचे काम आपोआप बोलते, आणि ज्याला स्वतःविषयी बोलावे लागते त्याच्या कामात काही तरी उणे असलेच पाहिजे, असा त्यांचा अभिप्राय असतो. याच्या नेमक्या उलट टोकाला अलीकडे दुसरा एक पंथ उदयास आला असून, टाय लावलेले छायाचित्र, विशेषणांनी ओथंबलेले शीर्षक आणि कौशल्यांची लांबलचक यादी एवढी सामग्री जमवली की नोकरी दारात येऊन उभी राहते, असा उपदेश तो तरुणांस करतो. आम्हांस दोन्ही पक्ष अमान्य आहेत. पैकी पहिल्याचा परामर्श विस्ताराने घेणे भाग आहे, कारण त्याच्या पाठीशी थोर आधार आहेत; दुसऱ्याच्या पाठीशी केवळ शुल्क आहे.

पहिल्या पक्षाचा सर्वांत आवडता आधार म्हणजे समर्थ रामदास. समर्थ जालना जिल्ह्यातील जांबचे, म्हणजे आपल्याच मराठवाड्याचे. तेव्हा दासबोधातील मूर्खलक्षणांचा दाखला येथे हक्काने दिला जातो, आणि आपली स्तुती आपणच करणाऱ्याची गणना समर्थांनी मूर्खांत केली आहे हेही खरेच आहे. परंतु ज्या ओवीत आत्मस्तुतीचा निषेध येतो त्याच ओवीत स्वदेशी राहून विपत्ती भोगणाराही मूर्ख ठरतो, आणि वडिलांची कीर्ती सांगत फिरणारा तर ठरतोच ठरतो. ओवीचा पहिला चरण मुखोद्गत असणाऱ्यांना पुढचे चरण नेमके का आठवत नाहीत, याचा विचार केला म्हणजे मोठी मौज वाटते. कारण ‘हा अमुक साहेबांचा चिरंजीव’ किंवा ‘हा आपल्या तमुक भाऊंचा पुतण्या’ एवढ्या एका वाक्यावर कारखान्याच्या फाटकातून आत गेलेली कितीतरी माणसे, पुढे स्वतःचे काम स्वतः नोंदवणाऱ्या परक्या मुलाला विनयाचे पाठ देताना आम्ही ऐकली आहेत. वडिलांच्या नावावर मिळालेली नोकरी विनयशील आणि स्वतःच्या कामाच्या नोंदीवर मागितलेली नोकरी निर्लज्ज, हा निवाडा समर्थांचा नव्हे.

दुसरा आधार ‘काम आपोआप बोलते’ या वचनाचा. या वचनाची परीक्षा करावयास आपल्या जिल्ह्याइतके योग्य स्थळ भूतलावर क्वचितच असेल. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटक नृपती हरिषेण याचा सचिव वराहदेव याने कोरविलेला शिलालेख आहे. त्यात वाकाटकांची वंशावळ आहे, राजांचे पराक्रम आहेत, आणि लेणे कोणी दान केले हेही आहे. त्या एका लेखावर विद्वानांनी ग्रंथांची पाने भरली, आणि म. म. वा. वि. मिराशी यांच्या वाकाटकांच्या लेखसंग्रहात (१९६३) त्याला मानाचे स्थान मिळाले. परंतु ज्या हातांनी त्या भिंतींवर रंग भरले, ज्यांच्या रेषेपुढे आज देशोदेशींचे चित्रकार नतमस्तक होतात, त्यांपैकी एकाचेही नाव आपणांस सांगता येत नाही. वेरूळची कथा याहून बोलकी आहे. बडोदे येथे सापडलेल्या राष्ट्रकूट ताम्रपटात कृष्णराजाच्या अद्भुत कैलास मंदिराचे वर्णन येते, हे आपल्या हातून कसे घडले याचे ते घडविणाऱ्या शिल्प्यालाच आश्चर्य वाटले असेही त्यात सांगितले आहे. पण ज्याला आश्चर्य वाटले त्याचे नाव तेवढे नाही. तेव्हा काम बोलते हे खरे, अजिंठा-वेरुळास तर ते बाराशे-पंधराशे वर्षे बोलत आले आहे. कोणाचे ते मात्र त्याने अद्याप सांगितलेले नाही. कोणी म्हणेल की कलावंतांचे ते निनावीपण हेच त्यांचे मोठेपण होय. असेलही. परंतु ते मोठेपण त्यांनी आपण होऊन स्वीकारले की दात्याच्या प्रशस्तीत त्यांना जागाच ठेवली गेली नाही, हे ठरवण्याचा अधिकार, निवृत्तिवेतन सुरक्षित असलेल्या आपणा मंडळींस खचितच नाही.

राहता राहिला व्यवहाराचा आक्षेप, आणि तो निराधार नाही. वाळूजला नोकऱ्या ओळखीने मिळतात, संकेतस्थळे पुण्या-बंगळुरूच्या संगणकवाल्यांसाठी, असे म्हणतात. १९८५ च्या सुमारास बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला, त्याच्या भोवती सुटे भाग पुरविणाऱ्या लहानमोठ्या शेकडो युनिटांचे जाळे पसरले, आणि त्या जाळ्यात मनुष्य एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जाई तो जुन्या फोरमनच्या शब्दावरच, ही वस्तुस्थिती आहे. त्या शब्दाची किंमत आम्ही कमी लेखत नाही. ज्याने सहा वर्षे एखाद्याचे काम पाहिले आहे त्याच्या एका वाक्यात जेवढी खात्रीची माहिती असते तेवढी दहा प्रशस्तिपत्रकांत नसते. परंतु ओळखीला एक कुंपण असते, आणि ते नातेगोते, गाव नि जात यांनी आखलेले असते. सिल्लोड किंवा वैजापूरकडून बसने आलेल्या, घराण्यात कोणीही कधी कारखान्यात न गेलेल्या मुलाचा फोरमन कोण? शिवाय ओळखीचे चलन जुन्या बाजारात चालते तसे नव्या बाजारात चालत नाही. शेंद्रा-बिडकीनच्या पट्ट्यात नवे कारखाने येत आहेत, २०२४ साली टोयोटा किर्लोस्कर आणि एथर यांनी येथे प्रकल्प उभारण्याचे जाहीर केले; अशा कारखान्यांची माणसे निवडणारे अधिकारी बहुधा परगावी बसलेले असतात, त्यांना आपले भाऊ, आबा आणि साहेब यांपैकी कोणीच ठाऊक नसते. ज्या मराठवाड्याने १९४८ पर्यंत, निजामी अमदानीत, नोकरीच्या अर्जास मुलकीपणाचे, म्हणजे स्थानिक रहिवासी असल्याचे, दाखले जोडले, त्या मराठवाड्याला परक्या अंमलदारापुढे कागद काय करतो हे नव्याने शिकवण्याची गरज नसावी.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. त्याचा समाचार थोडक्यात घेता येईल. लिंक्डइन २००३ साली सुरू झाले. आज जगभर त्याचे शंभर कोटींहून अधिक सभासद असून अमेरिकेखालोखाल भारतातच त्याचा विस्तार मोठा आहे. एवढ्या गर्दीत माणूस शोधणारा अधिकारी पदनाम, ठिकाण, कौशल्य, पूर्वीची कंपनी अशा चाळण्या लावून शोध घेतो. ‘पॅशनेट’, ‘डायनॅमिक’, ‘रिझल्ट-ओरिएंटेड’ ही विशेषणे कोणत्याही चाळणीत अडकत नाहीत, कारण ‘मला एक पॅशनेट मनुष्य पाहिजे’ असे म्हणून कोणीही शोध घेत नाही. त्याला सीएमएम चालवणारा, प्रेशर डाय कास्टिंग जाणणारा किंवा पीपॅपची कागदपत्रे तयार करणारा मनुष्य हवा असतो. म्हणजे ज्या विशेषणांसाठी उपदेशक पैसे घेतात ती शोधात निरुपयोगी, आणि मुलाखतीत तर घातक. कारण समोर बसलेला जुना इंजिनिअर दुसऱ्याच प्रश्नाला त्यांची हवा काढून घेतो. परस्परांच्या कौशल्यांना डोळे मिटून दुजोरा देण्याची जी प्रथा पडली आहे तिच्याविषयी न लिहिलेलेच बरे. आता तर यंत्राकडूनच आत्मपरिचय लिहवून घेण्याची सोय झाल्यामुळे एकाच साच्यातील हजारो गुणवंत उदयास आले आहेत, आणि त्यांच्या गुणवर्णनात फरक असतो तो केवळ नावाचा. वराहदेवाच्या प्रशस्तीला निदान काव्य तरी होते.

तर मग प्रोफाइल सुधारावे म्हणजे काय करावे? याचेही उत्तर आपल्याच जिल्ह्यात, कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडते. तेथे उत्खननात एक ठेंगणा, स्थूल, हसऱ्या चेहऱ्याचा दगडी यक्ष मिळाला. सातवाहनकाळातील ती मूर्ती आहे, आणि तिच्या हाताच्या मागच्या बाजूस घडविणाऱ्याने प्राकृतात एक लेख कोरला आहे. त्याचा आशय एवढाच की, ही कान्हदास नावाच्या सुवर्णकाराने केली. नाव, व्यवसाय आणि कृती. चौथे काही नाही. आपण थोर आहोत, कुशल आहोत, देवांनाही प्रिय आहोत असे कान्हदासाने लिहिले नाही. त्याला ते लिहावयाची गरजही नव्हती, कारण पुरावा मजकुराला लागूनच उभा होता. आमच्या मते आत्मस्तुती आणि आत्मनिवेदन यांतील भेद तो हाच. स्तुती ऐकणाऱ्याने मान्य करावी लागते. कान्हदासाने दिली ती जबानी, आणि जबानी पडताळून पाहता येते. न्यायासनासमोर साक्षीदार नाव, वय, धंदा आणि स्वतः पाहिले-केले ते सांगतो, त्याला कोणी आत्मप्रौढीचा दोष देत नाही. उलट तो गप्प बसला तर दोष देतात.

ही कसोटी लावली म्हणजे पुष्कळ प्रश्न आपोआप सुटतात. समजा, आयटीआयमधून टर्नरचा ट्रेड पूर्ण केलेला आणि सहा वर्षे वाळूजच्या एका व्हेंडरकडे सीएनसी टर्निंगवर असलेला तरुण आहे. विनयाचा पक्ष त्याच्याकडून शीर्षकाच्या जागी ‘ऑपरेटर’ एवढेच लिहवून घेतो; शोभेचा पक्ष त्यास ‘परफॉर्मन्स-ड्रिव्हन मॅन्युफॅक्चरिंग प्रोफेशनल’ करून सोडतो. दोघांनीही त्याचे सारखेच नुकसान केले, कारण तो वस्तुतः सेटर आहे: टूल तो बसवतो, ऑफसेट तो देतो, फर्स्ट पीस मोजून मंजुरीला तो नेतो, आणि प्रोग्रॅममध्ये किरकोळ दुरुस्ती लागली तर कोणाची वाट न पाहता करतो. शॉप फ्लोअरवर ऑपरेटर आणि सेटर यांत पगाराचे आणि मानाचे किती अंतर असते हे ज्याला माहीत आहे त्याला ही गफलत किती महाग पडते हे सांगावयास नको. शीर्षकाला २२० अक्षरांची मर्यादा आहे. तेवढ्यात ‘सीएनसी टर्नर-सेटर, फानुक कंट्रोल, दुचाकीच्या सस्पेन्शनचे भाग, ०.०२ मि. मी. टॉलरन्स, वाळूज’ हे सुखेनैव मावते, आणि यांतील प्रत्येक शब्द शोधात सापडण्याजोगा तसाच मुलाखतीत सिद्ध करण्याजोगा आहे.

आत्मपरिचयाचा जो रकाना आहे त्यात २६०० अक्षरे मावतात, पण वाचणाऱ्याला आरंभी पहिल्या काही ओळीच दिसतात. तेव्हा बालपणापासून आरंभ करू नये. ‘रिजेक्शन कमी केले’ असे लिहिणे ही अद्याप स्तुतीच झाली. कोणत्या भागाचे, किती शेकड्यांवरून किती शेकड्यांवर, किती महिन्यांत आणि कशामुळे, फिक्स्चर बदलल्यामुळे की इन्सर्टची ग्रेड बदलल्यामुळे, हे लिहिले म्हणजे ती जबानी होते. आणि तो बदल एकट्याने केला की चार जणांनी मिळून, हेही लिहिले म्हणजे ती विश्वसनीय होते. येथे एक मर्यादा पाळावी लागते, ती म्हणजे गिऱ्हाइकाचे ड्रॉइंग, भागाचा नंबर किंवा किमती यांचा उच्चार करू नये. जो मागील मालकाची गुपिते उघड करतो त्याला पुढचा मालक ठेवून घेत नाही.

नोकरीत खंड पडला असेल तर तो लपवू नये. दुष्काळात घरची शेती सांभाळावी लागली, वडिलांच्या आजारपणात घाटी रुग्णालयाच्या वॉर्डात महिने गेले, मूल लहान होते; आपल्या भागात ही कारणे घरोघरी असतात, आणि अशा खंडाची रीतसर नोंद करण्याची सोयही आता त्या संकेतस्थळावर आहे. तारखा ओढूनताणून जुळवलेल्या अनुभवापेक्षा सरळ सांगितलेला खंड कधीही बरा. शिफारशीच्या बाबतीत पन्नास ओळखीच्यांच्या दुजोऱ्यापेक्षा ज्याने काम पाहिले त्या एका सुपरवायझरची दोन वाक्ये मागावीत, आणि मागताना कोणत्या कामाविषयी लिहावे तेही नम्रपणे सुचवावे. जुन्या फोरमनचा तोच शब्द अशा रीतीने कुंपणाबाहेर जातो. इंग्रजीची धास्ती घेणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांनी प्रथम सर्व मजकूर मराठीत, वर्कशॉपमध्ये बोलतो तशा भाषेत लिहून काढावा आणि मग त्याचे साधे, छोट्या वाक्यांचे इंग्रजी करावे. नामे आणि क्रियापदे ठीक असली की तेवढे इंग्रजी पुरते. तसेही कारखान्यातील निम्मी नामे इंग्रजीच आहेत.

नगरनामाचाही एक प्रश्न आहे, आणि तो वादासाठी नव्हे, सोयीसाठी मांडतो. २०२३ साली शहराचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. परंतु आपल्या पदव्यांवर, अनुभवाच्या दाखल्यांवर आणि परगावच्या अधिकाऱ्याच्या ध्यानात औरंगाबाद हे जुने नाव अद्याप आहे, तशात बिहारातही एक औरंगाबाद आहे. म्हणून ठिकाणाच्या रकान्यात नवे नाव आणि मजकुरात कोठे तरी जुने नाव, जोडीला वाळूज किंवा शेंद्रा, असे लिहावे. मनुष्य सापडलाच नाही तर नामाभिमान कोणत्याच बाजूच्या उपयोगी पडत नाही.

एवढे सर्व करूनही नोकरी मिळेलच असे कोणी म्हणेल तर त्याची गणना आम्ही दुसऱ्या पक्षातच करू. उलट, नोकरी लावून देतो म्हणून आगाऊ रक्कम मागणारे भामटेही याच संकेतस्थळावर वावरतात, आणि पैसे मागणाऱ्यास उत्तर न देणे हा तेथला पहिला कायदा समजावा. शिवाय हे दफ्तर आपले नव्हे. मायक्रोसॉफ्टने २०१६ साली ते सुमारे २६ अब्ज डॉलरांना विकत घेतले, आणि त्याचे रकाने, चाळण्या नि मर्यादा मालकाच्या मर्जीप्रमाणे बदलत असतात. म्हणून प्रत्येक नोकरीत रुजू झाल्याची आणि कार्यमुक्त झाल्याची तारीख, शिकलेले यंत्र, केलेली सुधारणा आणि साक्ष देऊ शकणाऱ्या वरिष्ठाचे नाव यांची नोंद आपल्या स्वतःच्या वहीत दर सहा महिन्यांनी करावी, आणि तीवरून पडद्यावरचा मजकूर दुरुस्त करीत जावे.