एकच हत्यार, एकच बोअर

भिवंडीत सुताच्या पेढीवर किंवा गोदामाच्या कचेरीत चार माणसे संध्याकाळी बसली, की धंद्याच्या रडगाण्यानंतर कधीकधी गप्पांना वेगळे वळण लागते. कुणाच्या तरी जमिनीचा तंटा हातघाईवर आलेला असतो, कुणाला रोकड घेऊन रात्री अंजूर फाट्यावरून घरी परतायचे असते. मग कुणीतरी हळूच विचारतो, ‘‘शेठ, लायसन मिळालंच, आणि एकच हत्यार घ्यायचं, तर कुठलं घ्यावं? रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? आणि बोअर कुठला?’’ प्रश्न विचारणारा गुंड नसतो. बायकामुलांचा, कष्टाने उभ्या केलेल्या चार लूमचा धनी असतो. त्याची भीती खरी असते. म्हणून या प्रश्नाला नाक न मुरडता सरळ उत्तर द्यायला हवे.

अर्ध्या प्रश्नाचे उत्तर कायद्यानेच देऊन ठेवले आहे. 9 मिलिमीटर, .380 आणि .455 ही लष्कर-पोलिसांच्या वापरातली काडतुसे ज्यात चालतात, ती हत्यारे आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. सरकारी काडतुसे चोरीला गेली तरी ती खासगी हत्यारात चालू नयेत, हा त्यामागचा जुना, इंग्रजी अमदानीपासूनचा हिशेब. त्यामुळे सामान्य नागरिकाच्या वाट्याला मुख्यत्वे येतो तो बत्तीस बोअर, म्हणजे .32. कानपूरच्या सरकारी कारखान्यांतून याच बोअरची रिव्हॉल्व्हर निघत आली आहेत. 2014 साली महिलांसाठी म्हणून बाजारात आणलेले ‘निर्भीक’ हेही बत्तीसच. वजन अर्धा किलो आणि तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या घरात. एक गोष्ट मात्र नवख्याला ठाऊक नसते. बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरचे काडतूस आणि बत्तीस बोअरच्या पिस्तुलाचे काडतूस एक नव्हे. पहिले 1896 च्या सुमाराचे, अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसनचे. दुसरे त्यानंतर थोड्याच वर्षांनी जॉन ब्राउनिंगने आपल्या पिस्तुलासाठी काढलेले. नावात बत्तीस असले तरी एकाचे दुसऱ्यात घालायचे नसते.

आता रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? वर्षातून एकदोनदाच नेमबाजीचा सराव करणाऱ्या गृहस्थाला जाणती माणसे रिव्हॉल्व्हरच सुचवतील, आणि त्यांचे कारण पटण्यासारखे आहे. रिव्हॉल्व्हरचे चक्र बाहेर काढले की सहाही घरे डोळ्यांना दिसतात. भरले आहे की रिकामे, यात शंका राहत नाही. एखादे काडतूस फुसके निघाले तर घोडा पुन्हा ओढायचा, पुढचे घर समोर येते. पिस्तूल चपटे असते, बाळगायला सोयीचे. पण त्याला हात बसलेला लागतो. मॅगझिन काढून घेतले तरी एक गोळी नळीच्या तोंडाशी बसलेली राहू शकते, आणि ‘रिकामे आहे’ म्हणून हाताळताना जीव गेल्याच्या घटना जगभर याच एका गोळीने घडवल्या आहेत.

‘‘पण बत्तीसमध्ये दम किती?’’ ही पुढची शंका. अमेरिकेत तर यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला आहे. 1986 साली मायामीत दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत दोन अधिकारी गमावल्यावर तिथल्या एफबीआयने मोठ्या बोअरची वाट धरली आणि सुमारे तीस वर्षांनी ती संस्था पुन्हा 9 मिलिमीटरवर आली. कारण काय, तर मोठ्या गोळीच्या धक्क्याने नेम चुकत असेल तर तिचा उपयोग शून्य. लागते तीच गोळी मोठी. भिवंडीपुरते बोलायचे तर गोळी कमी पडेल ही चिंता करण्याऐवजी ती थांबेल कुठे, याची करावी. शांतीनगर असो की पद्मानगर, आपल्याकडच्या कितीतरी खोल्यांमधली भिंत म्हणजे पत्रा नाहीतर प्लायवुड. पलीकडे शेजाऱ्याचे तान्हे झोपलेले असते, कारखान्यात रातपाळीचा कामगार उभा असतो. ज्या बत्तीसला आपण कमजोर म्हणून हिणवतो, तिला पत्रा अडवू शकत नाही.

तेव्हा उत्तर झाले : एक रिव्हॉल्व्हर, बत्तीस बोअर. पण इथे थांबलो तर ते दुकानदाराचे उत्तर होईल. गृहस्थाचा प्रश्न इथून सुरू होतो. हे हत्यार रात्री कुठे असणार?

2016 च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची आणि हत्यार नीट जपून ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकावर टाकली आहे. शहाणा माणूस ते रिकामे करून कुलपात ठेवील, काडतुसे वेगळी ठेवील. मग मध्यरात्री दाराची कडी वाजल्यावर किल्ली शोधा, कपाट उघडा, चक्र भरा! ते नको म्हणून भरलेले रिव्हॉल्व्हर उशीखाली ठेवावे, तर दुपारी ती उशी नातवाच्या हाती लागते. कुलपात ठेवले तर वेळेवर मिळत नाही, हाताशी ठेवले तर कुणाच्याही हाताशी येते. कुठलाही कारखाना, कुठलाही बोअर या पेचातून सोडवू शकत नाही.

हा पेच कल्पनेतला नाही. 22 एप्रिल 2006 रोजी वरळीच्या घरात प्रमोद महाजनांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या बत्तीस बोअरच्या परवानाधारी पिस्तुलातून, आणि झाडणारा चोर नव्हता, सख्खा धाकटा भाऊ होता. पुढे न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. 1 ऑक्टोबर 2024 रोजी अभिनेता गोविंदा याच्या पायात गोळी घुसली ती त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून. पहाटे ते ठेवताना हातातून निसटले, असे त्या वेळी सांगण्यात आले. म्हणजे साधे, सोपे म्हणून ज्याची आपण वर तरफदारी केली, तेही मालकाला ओळखत नाही. आणि आपल्या शेजारी उल्हासनगरला 2 फेब्रुवारी 2024 च्या रात्री जमिनीच्या वादातून गोळीबार झाला, तो चक्क पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात. जखमी झाला एका पक्षाचा पुढारी, आरोपी म्हणून अटक झाली ती विद्यमान आमदाराला. राग आलेल्या माणसाच्या कमरेला हत्यार असले की समोर वर्दी आहे याचेही भान उरत नाही. तिन्ही घटनांत दरोडेखोर कुठेच नाही.

कायदा आत्मरक्षणाच्या विरुद्ध नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. खासगी बचावाचा हक्क जुन्या दंडसंहितेत होता आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम 34 ते 44 मध्ये तो आहे. जिवावर बेतले असता समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत तो जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांकडे जाण्याइतकी सवड असेल तर तो हक्कच उरत नाही. पळत्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी बचावाची होती, हे न्यायाधीशाला पटवता पटवता आयुष्य आणि कारखाना दोन्ही विकायची पाळी येईल. घोडा ओढायला एक क्षण लागतो. त्याचा हिशेब मागून वर्षानुवर्षे चालतो.

राहिली जमावाची भीती. भिवंडीत ती कुणी मोठ्याने बोलत नाही, पण जुन्या पिढीच्या मनातून गेलेली नाही. 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीतून पेटलेली दंगल, न्यायमूर्ती मादन आयोगाची चौकशी, मग 1984 ची होळी. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना विचारावे, की गल्लीच्या तोंडाशी हजाराचा जमाव आला असता सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर काय करणार होते? सहा गोळ्या संपल्यावर सातव्या क्षणी काय? शिवाय निवडणुका जवळ आल्या, वातावरण तापले, की अनेक परवानाधारकांना आपले हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. ज्या दिवसांसाठी ते घेतले, नेमक्या त्याच दिवसांत ते घरात नसते!

याच शहराने या भीतीवर दुसरा इलाजही शोधला होता. 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे, पानवाला, मास्तर, माग चालवणारा कामगार, आपल्या बीटच्या पोलिसाबरोबर नियमाने एकत्र बसू लागली. नळाच्या भांडणापासून अफवेपर्यंत सारे तिथे बोलले जाई. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये पन्नास किलोमीटरच्या आत मुंबई जळत होती आणि दंगलीचे गाव म्हणून बदनाम झालेली भिवंडी शांत राहिली. ही व्यवस्था अमर नव्हती. जुलै 2006 मध्ये पोलीस ठाण्याच्या जागेवरून वाद पेटला, गोळीबार झाला, दोन पोलीस जमावाच्या हातून मारले गेले. बैठका थांबल्या की भिंती पुन्हा वाढतात, एवढाच त्याचा अर्थ. रिव्हॉल्व्हरला तेलपाणी लागते, तसे शेजारालाही लागते.

म्हणून पेढीवरच्या त्या शेठजींना आमचे उत्तर असे. खरोखर धमकी असेल तर आधी लेखी तक्रार करा. रोकड रात्री नेऊ नका, बँकेतून द्या. दाराला चांगली कडी आणि जिन्यात दिवा लावा. शेजाऱ्याचा फोन नंबर भिंतीवर लिहा, मग तो कुठल्याही आळीतला असो. एवढे करूनही जिवाला धोका उरतोच असे वाटले, तर ठाण्याच्या पोलीस आयुक्तालयात रीतसर अर्ज करा. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायदा दोन हत्यारांपर्यंत मुभा देतो. तुम्ही एकावरच थांबा. बत्तीस बोअर, रिव्हॉल्व्हर. नीट शिका, दरवर्षी सराव करा, कुलपात ठेवा आणि घरात कुणी दारू पिणारा, तापट किंवा मनाने खचलेला असेल तर ते घरात आणूच नका.

आणि अर्जावर सही करण्याआधी एकदा घरच्यांना विचारा. हत्यार तुमच्या नावावर असले, तरी ते राहणार त्यांच्यासोबत आहे.