टायमिंगच्या खुणा कुलूपबंद कशासाठी?

घरी इंजिन खोलायला बसलेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: रिंगा बदल, टॅपेट लाव, पण टायमिंगला हात लावू नकोस, ते मिस्त्रीचे काम. या सल्ल्यामागची भीती खरी आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. टायमिंग चुकते ते हाताला सवय नसल्याने कमी आणि त्या इंजिनाची नेमकी माहिती समोर नसल्याने जास्त. ती माहिती कंपनीकडे तयार असते. ती गाडीच्या मालकाला आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजला मिळालीच पाहिजे. ही मागणी छत्रपती संभाजीनगरातून उठावी, हेही स्वाभाविक आहे. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये आला, शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या, आणि त्यांच्याभोवती सुटे भाग घडवणाऱ्या कारखान्यांवर या शहरातल्या कितीतरी घरांच्या चुली पेटतात.

टायमिंग म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांचा मेळ. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, म्हणून कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकापेक्षा दुप्पट दात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो, आणि दर वेळी पिस्टन वर पोचायच्या आत त्याने वाट मोकळी करून दिलेली असावी लागते. क्रँकच्या चाकाला २० दात असतील, तर दोन्ही चाकांना जोडणारा पट्टा एक दात चुकला की क्रँकचे १८ अंश चुकले. तेवढ्याने गाडी बहुधा चालू होते, पण ओढ जाते आणि ती जागच्या जागी थरथरते. दोन-तीन दात चुकले तर अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड पुन्हा उतरवावे लागते. हे टाळायची रीत साधी आहे. पहिला पिस्टन वरच्या टोकाला आणायचा. तो कॉम्प्रेशनच्या फेऱ्यातच आहे ना, हे त्याचे दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह मिटलेले आहेत का, यावरून ठरवायचे. खुणा जुळवायच्या, पट्ट्याला ताण द्यायचा. मग सेल्फ न मारता पान्याने क्रँक चालीच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि खुणा पुन्हा तपासायच्या. मध्येच काही अडले तर जोर न लावता थांबायचे. या शेवटच्या दोन फेऱ्यांचा कंटाळा केल्याने जितकी इंजिने जातात, तितकी अडाणीपणाने जात नसावीत. जपून काम करणाऱ्या कुणालाही हे जमण्यासारखे आहे.

अडचण पुढे येते. जुन्या मारुती ८०० सारख्या गाडीत चाकावरची आणि इंजिनाच्या अंगावरची खूण डोळ्यांना दिसते. नव्या कितीतरी इंजिनांत कॅमचे चाक चावीने अडकवलेले नसते, ते फक्त बोल्टच्या दाबाने धरलेले असते. बोल्ट सैल केला की चाक मोकळे फिरते आणि खुणेला अर्थ उरत नाही. तिथे कॅम आणि क्रँक ठरलेल्या जागी धरून ठेवणारी खास कुलपे लागतात. बोल्ट किती ताणाने आवळून पुढे किती अंश फिरवायचा, तो पुन्हा वापरायचा की नाही, हेही माहीत असावे लागते. हे अनुभवाने कळत नाही, वीस वर्षे हात काळे केलेल्या मिस्त्रीलाही नाही. ते वाचावेच लागते.

कंपन्या ही माहिती देऊ शकत नाहीत असे मुळीच नाही. युरोपीय संघाच्या २००७ च्या नियमाने तिथल्या स्वतंत्र गॅरेजना दुरुस्तीची माहिती देणे बंधनकारक केले, आणि शेंद्र्यात गाड्या जोडणारी स्कोडा तिथे शुल्क घेऊन ती देते. आपल्याकडे एका वाहनमालकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्यांत स्कोडाही होती. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजना खुली करा, बाहेर काम केले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी नाकारू नका, असे आयोगाने बजावले. प्रकरण न्यायालयांत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडले, त्यात वाहनांचे क्षेत्रही आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

कंपन्यांचा पहिला आक्षेप सुरक्षेचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चुकीच्या टायमिंगची गाडी कन्नडच्या औट्रम घाटात चढावर बंद पडली आणि मागून दुसरी गाडी येत असली, तर धोका एकट्या मालकाचा राहत नाही. पण माहिती दडवल्याने लोक इंजिन खोलायचे थांबत नाहीत. वॉरंटी संपलेली दहा-बारा वर्षांची गाडी शोरूमच्या दरात दुरुस्त करणे ज्याला परवडत नाही, तो ती खोलणारच. फरक एवढाच, की मग अंदाजाने खोलतो. सुरक्षेची काळजी खरी असेल तर ताणाचे आकडे आधी उघड करायला हवेत. बौद्धिक संपदेचा मुद्दा त्याहून लंगडा आहे. पट्टा कसा बसवावा हे सांगितल्याने इंजिनाचे डिझाइन कुणाच्या हाती जात नाही, आणि प्रतिस्पर्धी कंपनी तर बाजारातून गाडी विकत घेऊन ती खोलून पाहू शकतेच.

राहिला विजेच्या गाड्यांचा प्रश्न: इंजिनच जाणार असेल तर ही धडपड कशाला? टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये इथल्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी केलेला करार विजेच्या आणि हायब्रिड अशा दोन्ही गाड्यांचा आहे, आणि हायब्रिडच्या बॉनेटखाली क्रँक, कॅम आणि व्हॉल्व्ह आहेतच. आज विकलेली पेट्रोल गाडी पंधरा वर्षे रस्त्यावर राहील. निव्वळ विजेच्या गाडीत तर मोटारीचा सारा ताल संगणकीय प्रणालीत असतो, तिथे पान्याचाही उपयोग नाही. इंजिनाच्या बाबतीत आज सैल सोडलेला हक्क तिथे मागायला फार उशीर झालेला असेल.

यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. राज्य सरकार सामूहिक प्रोत्साहन योजनेतून मोठ्या उद्योगांना सवलती देते. ऑरिकसारखी औद्योगिक वसाहतही सरकारी पुढाकारानेच उभी राहिली. या सवलती घेणाऱ्या वाहन कंपनीने आपल्या प्रत्येक मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका, टायमिंगच्या आकृत्या आणि ताणाच्या आकड्यांसह, मराठीत आणि रास्त दरात उपलब्ध करावी, अशी अट घालता येईल. तिची एक प्रत शहरातल्या आयटीआयच्या कार्यशाळेत असावी आणि मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलांबरोबरच गॅरेजवाल्यांना आणि गाडीच्या मालकांनाही ती पाहता यावी. टायमिंगची कुलपे भाड्याने देण्याची सोयही तिथेच करता येईल, कारण वर्षातून एकदा लागणारे ते महागडे साधन एकेकट्या गॅरेजने विकत घ्यावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.