अ‍ॅसिडने फरशी उजळत नाही, मरते



दशलक्षण पर्व जवळ आलं की घरोघरी साफसफाई निघते आणि तिच्याबरोबर अ‍ॅसिडची बाटलीही. पाणी गाळून पिणाऱ्या, कंदमुळं घरात न आणणाऱ्या आपण फरशीवर मात्र ते बिनदिक्कत ओततो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "संसार म्हटला की आरंभी हिंसा आलीच. डाग काढायला नकोत का?"

मला हे उत्तर पटत नाही. आरंभी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, म्हणून ती यत्नाचाराने, कमीत कमी व्हावी असं आपण शिकलो. जिच्यावाचून काम अडत नाही, ती हिंसा या सबबीत कशी बसेल? आणि अ‍ॅसिडवाचून काहीच अडत नाही. उलट काम बिघडतं.

मार्बल, कोटा, शहाबादी हे सगळे मुळात चुन्याचे दगड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. अ‍ॅसिड पडताच फेस येतो, आपण म्हणतो मळ सुटला. तो मळ नाही, दगड विरघळतोय! वरचा गुळगुळीत थर गेला की पुढचा डाग आणखी खोल मुरतो. लिंबू आणि व्हिनेगर 'घरगुती' असले तरी आम्लच. मार्बलची चमक तेही घालवतात. टाइल्स तग धरतात, पण त्यांच्या सांध्यांतलं सिमेंट झिजतं. सांधे उघडे पडले की ओल धरते, मुंग्या घर करतात. मग त्यांच्यावर काय ओतायचं?

आणि हे घासतं कोण? बहुतेक घरांत कामाच्या मावशी, उघड्या हातांनी, बंद बाथरूममध्ये. धूर त्यांच्या छातीत जातो. त्यातच कुणी ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरिन वायू निघतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता तोच. मुंगी चुकवून पाऊल टाकणाऱ्या आपल्याला समोरचा पंचेंद्रिय जीव दिसू नये?

"मग डाग तसेच ठेवायचे?" मुळीच नाही. आधी फरशी मऊ झाडूने झाडून घ्या, म्हणजे किडामुंगी बाजूला होईल. मग डाग कशाचा ते ओळखा.

तेल-तूप: अ‍ॅसिडमध्ये तेल विरघळतच नाही. खाण्याचा सोडा किंवा मुलतानी माती पाण्यात दाट कालवून डागावर जाड थापा, वर प्लास्टिक झाका, दिवसभर ठेवा. मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या आणि लाकडी उलथन्याने उचला. जुना डाग असेल तर दोन-तीनदा करावं लागतं. ताजमहालाच्या मार्बलवरचा पिवळेपणा काढायला पुरातत्त्व खातंही मुलतानी मातीचाच लेप लावतं. मैद्याचा लेप नको, मुंग्या येतात.

हळद: साबण किंवा सोडा लागला की ती लाल होते, म्हणून घाबरून घासत सुटू नका. औषधाच्या दुकानात ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. आधी कोपऱ्यात लावून बघा, मग कापूस भिजवून डागावर ठेवा आणि थोड्या वेळाने पुसा. ऊन येत असेल तर निम्मं काम तेच करतं.

नळाखालचे पांढरे क्षार: फक्त टाइल्सवर पाणी घातलेलं व्हिनेगर, दहा मिनिटं, सांधे वगळून, मग पुसून घ्या. दगडी फरशीवर साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, बस.

अ‍ॅसिडनेच पडलेला पांढुरका चट्टा: हा डाग नाही, जखम आहे. पॉलिशवाल्याला बोलवा.

एवढं करूनही एखादा डाग राहिला, तर राहू दे. फरशीवर स्वयंपाकघराची खूण दिसली म्हणून घराची अब्रू जात नाही.

यंदा वाणसामानाच्या यादीतून अ‍ॅसिड खोडा. आणि मंदिराच्या सफाईची पाळी आपल्या महिला मंडळाकडे असेल, तर तिथेही हा विषय काढा. तिथला मार्बलही चुन्याचाच आहे.